तिसऱ्या छेदाबद्दल, सर

सर, तुमच्या तेरवीला मी रडले, त्याचा मला आता राग येतो. पंगतीत वाढता वाढता रडले, काकूंच्या गळ्यात पडून रडले, आणि तुमच्या फोटोसमोर उभं राहून चार शब्द बोलायचे होते, तेही रडण्यात घालवले. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. दोनच दिवसांनी कळलं. ते तेरवीच्या आधी कळलं असतं, तर मी अकोल्याहून आले असते की नाही, सांगता येत नाही. आले असते बहुतेक, पण रडले नसते.

काकूंचा फोन अलमारीसाठी होता. "वैशाली, सरायची ती दगडायची अलमारी तूच येऊन पाह्य वो माय. पोरगा म्हनते, भंगारात देऊन टाक. मले काय समजते त्यातलं?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोनं तुमच्या घरी. काकूंनी चहा दिला, किल्ली दिली आणि त्या आत जाऊन पडल्या. मी जमिनीवर बसून एकेक खण रिकामा करू लागले. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड, लाकडी पेट्यांमधल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, प्रत्येकीवर क्रमांक. निम्म्या लेबलांवर माझंच अक्षर. मला खरं सांगायचं तर छान वाटत होतं. तुमच्याशी बोलल्यासारखं वाटत होतं.

सगळ्यात खालच्या खणात चष्म्याची जुनी डबी होती. चष्मा असेल, काकूंना द्यावा, म्हणून उघडली. आत मलमलच्या तुकड्यात गुंडाळलेली एक काचपट्टी. वर पातळ काच नीट बसवलेली, कडा लाखेनं बंद केलेल्या, एक बुडबुडा नाही. लेबल तुमच्या अक्षरात, तुमच्या त्या निळ्या शाईत. "पातूर १. त्रिज्य. छेद: वैशाली."

मी ती उजेडाकडे धरली. मधाच्या रंगाचा, नखाएवढा तुकडा. अख्खा, कुठेही न तुटलेला.

हा तुकडा एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या हातून नाहीसा झाला होता, सर. तसं तुम्हीच मला सांगितलं होतं.

तुम्ही विसरणाऱ्यातले नव्हतात, तरी मी सांगते, कारण आता सांगायची पाळी माझी आहे. एप्रिल होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कूलर नुसता आवाज करत होता. बाबांना सापडलेल्या, दगड झालेल्या लाकडाचे दोन छेद, म्हणजे उजेड आरपार जाईल इतके पातळ काप, झाले होते. एक आडवा, झाड तोडल्यावर बुंध्याचा जो चेहरा दिसतो तसा. दुसरा उभा, सालीला समांतर. तिसरा राहिला होता, तोही उभाच, पण गाभ्याकडून सालीकडे जाणारा. त्रिज्य छेद. दगड बोटभर होता, त्यातही पेशी दिसत होत्या एकाच कोपऱ्यात. बाकी सगळी गारगोटी झालेली. म्हणजे तिसऱ्या छेदाची संधी एकच होती. तुकडा काचेवर चिकटवून, पालथा धरून, कार्बोरंडमच्या, म्हणजे घासायच्या पुडीच्या, ओल्या लगद्यात मी तीन दिवस तो घासत होते. दहा फेऱ्या, धुवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, परत दहा फेऱ्या. बोटांची टोकं सोलवटली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी काळ्या दगडातून उजेड यायला लागला. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "ऊठ, हात धू, चहा घेऊन ये. शेवटचं मी बघतो."

मी गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला. पंधरा मिनिटंही लागली नसतील. परत आले तेव्हा तुम्ही बेसिनजवळ उभे होतात. हातात एक काच होती, तिच्यावर चिकटवणीचा गोल डाग होता आणि बाकी काही नव्हतं. "गेलं, वैशाली. दोन फेऱ्या जास्त झाल्या तुझ्या. धुताना कड सुटली." तुझ्या, म्हणालात. तो शब्द मला अजून ऐकू येतो. ती डागाची काच कुठून आणलीत, तेही मला आता कळतं. वाया गेलेल्या काचांची बादली बेसिनखालीच असायची.

मी रडले तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. खरा छेद तेव्हा कुठे होता? खिशात? त्याच खिशात ज्यातून तुम्ही मला रुमाल काढून दिलात?

मला या प्रश्नाचं उत्तर हवंय, सर, आणि ते द्यायला तुम्ही नाही आहात. तुमच्या बाकीच्या सवयींना साजेसंच झालं हे. वाद रंगात आला की तुम्ही घड्याळ पाहून उठायचात.

त्या दुपारचं पुढे काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. मी घासणं सोडलं. पीएचडी संपवली ती कशीबशी, आणि नंतर परागकणांकडे वळले. परागकणांना हात स्थिर लागत नाही, आम्लात टाकले की झालं. "बरं केलंस," तुम्ही म्हणालात, "ते सोपं आहे." अकोल्याला नोकरी लागल्यावर दरवर्षी नव्या बॅचला मी ही गोष्ट सांगत आले. दोन फेऱ्या जास्त झाल्या की साडेसहा कोटी वर्षं नळातून वाहून जातात, बघा पोरांनो, माझ्या हातून गेलीत. पोरं हसायची. मीही हसायचे. दरवर्षी ती गोष्ट सांगताना मला आतून बारीक काहीतरी टोचायचं आणि मी तिला नम्रता समजायचे. तुम्ही एका कार्यक्रमाला आला होतात तेव्हा तुमच्यासमोरही सांगितली. पहिल्या रांगेत बसून तुम्ही मान हलवलीत.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी तुम्हाला दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण ते लाकूड माझ्या बाबांच्या नावाचं आहे.

आमच्या पातूरजवळच्या शेतात विहीर खणताना सुरुंग लावले, तेव्हा काळ्या खडकाच्या दोन थरांमधून तो दगड वर आला. बाबांनी तो उचलला तो धार लावायला. दोन वर्षं त्यांनी त्याच्यावर विळे पाजवले. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा ओट्यावर बसून ते विळा घासत होते आणि ओल्या दगडावर मला उभ्या रेषा दिसल्या. "बाबा, हे लाकूड आहे." "लाकूड कायचं वो, गोटा हाय. पन धार मस्त लागते." साडेसहा कोटी वर्षांच्या झाडावर आमच्याकडे संबार, म्हणजे कोथिंबीर, कापायचा विळा घासला जात होता. दगड उरला होता बोटभर, बाकीचा विळ्यांनी खाल्ला. पुढे तिसरा छेद माझ्या हातून गेला, असं मी बाबांना रडत रडत सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे, त्याहून जास्त तर म्या घासलं."

तुम्ही तो दगड पाहायला गावी आलात. विहिरीच्या काठावर आपण रोडगे खाल्ले, वांग्याची भाजी खाल्ली, तुम्ही तीनदा भाजी मागून घेतलीत. आणि हात धुता धुता बाबांना म्हणालात, "श्यामराव, हे झाड तुमच्या नावानं करतो." दोन छेदसुद्धा तेव्हा झाले नव्हते! नाव कधी द्यायचं, याच्यावर तुम्ही आम्हाला किती बोलायचात. आधी पाहा, मग मोजा, मग जुळवा, मग पुन्हा पाहा, आणि एवढं करून नाव द्यायची गरज उरली तर द्या. पोर जन्माला यायच्या आधी बारसं उरकणाऱ्यांची तुम्ही वर्गात नक्कल करून दाखवायचात. आणि इथे स्वतः बारसं करून मोकळे झालात, तेही शब्द देऊन.

बाबांना लॅटिन शेपूट लागून त्यांचं 'श्यामरावी' झालं तेव्हाची गंमत तुम्हीच घरोघर सांगत होतात. "रावी? मी काय बाई आहो का सर?" "अहो, तठी गड्याले अशीच शेपटी लावतात, भाऊ." त्यानंतर लेखाचं पहिलं पान बाबांनी पातूरला नेऊन चौकटीत बसवून आणलं. आमच्या बैठकीत देवाच्या फोटोशेजारी ते टांगलंय. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते बरोबर दाखवतात. पाहुणा आला की पाण्याच्या आधी ते पान. गावात तीन श्यामराव आहेत, त्यांतले बाबा 'दगडवाले'.

लेखावर वर तुमचं नाव, खाली माझं. आत एक वाक्य: जतन समाधानकारक नसल्यामुळे त्रिज्य छेद मिळू शकला नाही. ते वाक्य तुम्ही लिहिलंत आणि त्याखाली माझी सही घेतलीत. मी ते माझ्या चुकीवर घातलेलं तुमचं पांघरूण समजले. सर किती मोठ्या मनाचे, माझं नाव न घेता निभावून नेलं, असं मी आईला सांगितल्याचं मला आठवतं.

आता त्या काचपट्टीत काय आहे ते. मी ती अकोल्याला आणली, कॉलेजमध्ये विद्यार्थी गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली लावली. तुम्ही लाकूड ऐनाच्या कुळात ठेवलं होतं. आडव्या छेदात ते ऐनासारखं दिसतंच. दुसऱ्या छेदातही दिसतं. पण आपल्या मेळघाटात ऐनाच्या शेजारी लेंडिया उभा असतो, आणि त्याचं लाकूड या दोन छेदांमध्ये ऐनाच्या इतकं जवळ जातं की भले भले फसतात. फरक कळतो तो तिसऱ्या छेदात. पाणी नेणाऱ्या नळ्या आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथल्या भिंतीत खळगे असतात. ऐनात ते बारीक, गोल, प्रत्येकाला काठ. लेंडियात मोठे, लांबट, बिनकाठाचे, ब्लेडनं चिरा दिल्यासारखे.

मी फोकस फिरवला. चिराच चिरा. पहिलीच नळी, दुसरी, तिसरी. एम.एस्सी.च्या पोरालाही शंका येऊ नये इतक्या स्पष्ट.

म्हणजे तुम्हाला त्या पंधरा मिनिटांतच कळलं. मी बाहेर चहात पार्ले बुडवत होते तेव्हा. त्याच्या आधीच्या महिन्यात तुम्ही नागपूरच्या सभेत वऱ्हाडातलं ऐनाचं पहिलं दगडी लाकूड म्हणून सांगून आला होतात, सत्कार घेऊन आला होतात. तेही मी समजून घेतलं असतं. कुळ बदलायचं असतं तर बदलता येतं, आपल्या धंद्यात रोज बदलतात, त्यात नाक कापलं जात नाही. पण लेंडियाच्या कुळात अशाच लाकडाला आधीच नाव दिलेलं होतं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या दगडावरून, आपल्या लेखाच्या कितीतरी आधी. मी मापं लावून पाहिली. नळीची रुंदी, पट्टीची उंची, खळगे. ओळीला ओळ जुळते. आणि ज्याचं नाव आधीचं, त्याचं राहतं. नवीन लाकूड नाहीच, तर नवीन नाव कुठलं? 'श्यामरावी' गेलं.

तर तुम्ही ते कुणासाठी लपवलंत? बाबांना शब्द दिला होता म्हणून? की सत्कार घेऊन झाला होता म्हणून? मी हे दोन आठवडे उलटसुलट करून पाहिलं. बाबांसाठी केलंत असं मानावं, तर मग माझ्या माथी का मारलंत? छेद "मिळाला नाही" एवढंच सांगता आलं असतं. दगड फुटला, काच पडली, मांजर आलं. हजार गोष्टी होत्या. "दोन फेऱ्या जास्त झाल्या तुझ्या" हे वाक्य तुम्हाला का सुचलं? मी पोरगी होते तेवीस-चोवीस वर्षांची, गावातून आलेली, तुमच्या शब्दावर उठणारी-बसणारी. माझ्यावर ढकललं की कुणी विचारणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. मीच कुणाला विचारू देणार नाही, हेही ठाऊक होतं.

मला याचा राग येतो. लाकडाच्या नावापेक्षा जास्त याचा येतो. चांगला हात होता माझा, सर. तुम्हीच म्हणायचात. त्या छेदात एकसारखी जाडी आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. यंत्रावर असा होत नाही. मी परवा तो तासभर पाहत बसले होते आणि चष्मा पुसत होते.

आणि तो नागपूरकडचा नवा प्राध्यापक आठवतो? अमरावतीच्या चर्चासत्रात बिचारा आपलं दगडी लाकूड घेऊन आला होता, दोनच छेद. तुम्ही उठलात. "तिसरा छेद कुठाय? दोन साक्षीदारांवर फाशी द्यायची का? तिसरा छेद नसेल तर नाव द्यायचं नाही, खाली बसा." सभागृहात टाळ्या पडल्या. तो पोरगा चहाच्या वेळी जिन्याखाली उभा राहून डोळे पुसत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपण दगडवाल्यांनी तरी जपून वापरावी असं तुम्ही गमतीनं म्हणायचात. तेव्हा चष्म्याची डबी तुमच्या खणात होती, सर. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

लिहिता लिहिता मला परतवाडा आठवतं आणि मग माझंच मला कळेनासं होतं. आरागिरणीत तुम्ही आम्हा पाच जणांना डोळ्यांवर रुमाल बांधून उभं केलं होतं. हातात एकेक तुकडा देत होतात. "वास घे. नख मार. जड आहे का? बोल." मालक हसत होता, गिरणीवरची माणसं काम थांबवून बघत होती. मी सातपैकी सहा ओळखली. चुकलं ते लेंडियाच. मी ऐन म्हणाले. तुम्ही रुमाल सोडलात आणि म्हणालात, "इथे सगळेच चुकतात. मीही चुकलोय." परत येताना बसमध्ये तुम्ही आम्हाला संत्री सोलून दिलीत.

आणि त्याच्याही आधीचं. मला एम.एस्सी.ला पाठवायचं नाही असं घरात ठरलं होतं. पोरीला आणखी किती शिकवायचं, म्हणून. तुम्ही चांदूर बाजारला कुणाकडे तरी जायचं म्हणून निघालात आणि उलट्या दिशेला आमच्या गावी येऊन पोचलात. बाबांसोबत दुपारभर बसलात. शिक्षणाचा शब्द काढला नाहीत. कपाशीवर बोललात, विहिरीवर बोललात, शेवटी उठताना म्हणालात, "श्यामराव, पोरीचे डोळे चांगले हायेत. वाया नोका घालू." एवढंच. बाबांनी दुसऱ्या दिवशी माझी पेटी बांधली. मी आज जी काही आहे ती त्या एका वाक्यामुळे आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर चीड येते. परक्यानं केलं असतं तर सोडून दिलं असतं.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. तुम्ही खाटेवर, अंगावर दोन पांघरुणं. काकू दुधाला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच होतो. "अलमारी तुलेच आवरा लागन, वैशाली. दुसऱ्या कोनाले देजो नको." मी हो म्हणाले. मग विचारलंत, "श्यामराव कसे हायेत?" बरे आहेत म्हणाले. थोड्या वेळानं परत विचारलंत. मी निघताना उंबऱ्याशी असताना तिसऱ्यांदा. मला वाटलं म्हातारपण, विसरतायत. सर, तीनदा तोंड उघडलंत! तीनदा तिथपर्यंत आलात आणि परत गेलात. काय झालं असतं? मी आरडाओरडा केला असता. करायलाच हवा होता. तुमच्या खाटेशेजारी उभं राहून तुम्हाला झापण्याचा माझा हक्क होता आणि तो तुम्ही घेऊन गेलात. डबीत चिठ्ठी असेल म्हणून मी खण उलटा करून झटकला. नव्हती. नुसतं लेबल. छेद: वैशाली. तेवढं मात्र प्रामाणिकपणे लिहिलंत.

आणि दुरुस्ती कुणी करायची? मी. बाबांचं नाव कुणी खोडायचं? त्यांच्या लेकीनं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला जाऊन कुणी सांगायचं? हे सगळं एका चष्म्याच्या डबीत घालून तुम्ही माझ्या स्वाधीन केलंत आणि निवांत गेलात.

मी गेल्या रविवारी गावी गेले. बाबा ओट्यावर बसले होते, तूर पाखडून ठेवली होती तिच्यातले खडे काढत. मी शेजारी बसले, मीही निवडू लागले. सांगायला सुरुवात केली ती ऐन आणि लेंडियापासून, म्हणजे टाळाटाळीपासून. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"म्हंजे ते झाड आपल्या वावरातलं नोयतं?"

"वावरातलंच होतं बाबा. पन त्याले नाव पयलेच देलं होतं कोनीतरी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दगडाले पाहून."

"मंग माह्यं?"

"खालच्या ओळीत जाईन. ज्याचं आधीचं त्याचं वरते राह्यते."

ते खडे काढत राहिले. मग म्हणाले, "बरोबर हाय. वावराचंई तसंच असते. ज्याचा फेरफार आधी, त्याचं नाव." एवढ्यानं संपेल असं मला वाटलं. संपलं नाही.

"सरायले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"तवापासून. कागद छापून याच्या आधीपासून."

बाबांनी सूप खाली ठेवलं. इतका वेळ शांत होते, आता त्यांचा आवाज चढला. "मंग मले सांगाले काय झालं होतं त्याले? इतके डाव आला घरी, जेवला, झोपला या खाटेवर. मी काय खाऊन टाकलं असतं का त्याले? वीस वर्सं मी लोकायले थो कागद दाखवून राहिलो अन् हा समोर बसून चहा पेऊन राहिला!" त्यांना खोकला आला. मी पाणी आणलं. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. एवढे दिवस एकटीच तुमच्यावर चिडत होते, आता सोबत मिळाली. मी आणखी चार गोष्टी सांगितल्या तुमच्या, चहाची, काचेची, रुमालाची. बाबा ऐकत होते. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अन् तुले कवा समजलं?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस काय करून राहिली होती?"

"तपासून राहिली होती बाबा. मापं घ्या लागतात, जुने कागद पाहा लागतात."

"किती दिवस लागले तपासाले?"

त्यांच्याशी मला खोटं बोलता येत नाही. "चार."

"मंग बाकीचे अकरा?"

मी तुरीत हात घालून बसले, सर. त्या अकरा दिवसांत मी रोज सकाळी ठरवत होते की आज फोन करू. रोज संध्याकाळी ती बैठकीतली चौकट डोळ्यांसमोर यायची. म्हातारा माणूस आहे, थकलाय, कशाला, राहू दे थोडे दिवस. बाबा गेल्यावर लेख पाठवला तर काय बिघडतं, असंही एकदा मनात आलं. आलं, हे मी इथे लिहून ठेवते. तुमची एकोणीस वर्षं कशी गेली असतील ते मला त्या ओट्यावर कळलं. आणि ते कळलं म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं कृपा करून समजू नका. मला अकरा दिवसांची लाज वाटली तर तुम्हाला किती वाटायला हवी होती, एवढाच हिशोब मी केला.

बाबांनी सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "उद्याच धाडून दे थो कागद."

उद्याच जमलं नाही, चार दिवस लागले. परवा पाठवला. त्यात त्रिज्य छेद कुणी केला ते लिहिलंय, आणि पहिल्या लेखातलं जतनाबद्दलचं वाक्य खोटं होतं, हेही लिहिलंय. तुमच्याबद्दल एक शब्द जास्त लिहिला नाही आणि एक कमीही लिहिला नाही. लेंडियाच्या त्या जुन्या नावाखाली, बारीक तिरक्या अक्षरांत बाबांचं नाव आहे, त्याच्यापुढे, ते नाव देणारे म्हणून, तुमचं, मग माझं. ती ओळ मी बाबांना फोनवर वाचून दाखवली. लिहिणं तुमचं काम होतं, सर. वाचून दाखवणंही तुमचंच होतं.